ग्रीनहाऊससाठी घेतलेलं तयार पॉटिंग मिक्स (कुंडीत मातीऐवजी भरायचं मिश्रण), अख्खा सीझन वापरून झाल्यावर

पाचपैकी दोन स्टार, आणि त्यातला एक फक्त पाणी चांगलं धरून ठेवतं म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जो घोळ झाला तो कच्च्या मालाचा आहे आणि तसला माल कुणाच्याही बॅगेत येऊ शकतो, त्यामुळे नुसता ब्रँड बदलून फार काही साधणार नाही.

बॅगेवर लिहिलेलं असं: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), बागेतल्या कचऱ्याचं कंपोस्ट, कुजलेलं शेणखत, लाकडाचा भुसा, थोडं परलाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे), आणि मोठ्या अक्षरात 'सर्व भाज्यांसाठी'. मी ते ग्रीनहाऊसमध्ये मोठ्या ग्रो बॅगांत टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी आणि वेलाच्या घेवड्याला वापरलं. उघडल्यावर माल छान वाटला, भुसभुशीत, मातीचा वास, कुठेही आंबूस किंवा अमोनियाचा भपका नाही. म्हणजे हातात घेऊन, हुंगून जे कळतं त्यात ही बॅग पहिल्या नंबरने पास.

मग लावणीनंतर काही आठवड्यांत टोमॅटोचे शेंडे बिघडायला लागले. खालची आधीची पानं अगदी नॉर्मल, आणि नवीन येणारं प्रत्येक पान आत वळलेलं, अरुंद, शेंड्याजवळ तर नेच्याच्या पानासारखं बारीक, देठ पिळवटलेला. घेवड्याची अवस्था त्याहून वाईट, पानं वाटीसारखी झालेली आणि शिरा एकमेकींना चिकटून समांतर. फळं धरली ती थोडी आणि वेडीवाकडी.

आता ज्याला फोटो दाखवावा तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणे व्हायरस, कोणी म्हणे पाणी जास्त, कंपनीच्या माणसाने तर न बघताच 'आत उष्णता जास्त होत असेल' असं ठोकून दिलं. उष्णतेने टोमॅटोची पानं वळतात हे खरं आहे, पण ती खालची जुनी पानं आधी वळतात, जाड होतात, आणि शेंडा सरळ राहतो. इथे बरोबर उलटं. व्हायरस असेल तर एक झाड आज, शेजारचं पुढच्या आठवड्यात असं पसरत जातं, पानावर फिकट-गडद ठिपके दिसतात, मावा किंवा पांढरी माशी सापडते. माझ्याकडे त्या बॅचमधल्या सगळ्या झाडांना एकदमच झालं आणि त्याच बाकावर जुन्या घरच्या कंपोस्टमध्ये लावलेली त्याच पाकिटातल्या बियांची रोपं मात्र ठणठणीत, पाणी तेच, ऊन तेच, हवा तीच. मिरचीच्या बाबतीत मी कोळी (माइट, अगदी बारीक कीड) सुद्धा तपासला, कारण पांढऱ्या कोळीने शेंडा असाच आखडतो आणि लोक उगाच खताला शिव्या घालतात. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगाने पानाची खालची बाजू बघावी लागते. काही नव्हतं.

माझा संशय तणनाशकावर आहे. लॅबमध्ये पाठवून रिपोर्ट आणलेला नाही त्यामुळे शपथेवर सांगणार नाही, पण लक्षणं पुस्तकात देतात तशीच आहेत. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड नावाची औषधं कुरणावर, गवतावर रुंद पानांचं तण मारायला मारतात, गवताला त्याचा त्रास नसतो. ते गवत जनावर खातं, औषध पोटातून जसंच्या तसं शेणात येतं, आणि शेण कुजवलं, गरम ढिगात ठेवलं तरी ते लवकर मोडत नाही. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा यांना बिघडवायला अब्जात काही भाग एवढा अंशसुद्धा पुरतो. ब्रिटनमध्ये 2008 साली असंच शेणखत वापरलेल्यांच्या भाज्या वाकड्या झाल्या, इतक्या तक्रारी आल्या की अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवली होती. अजून एक गोष्ट, एका ग्रो बॅगेच्या कडेला मी सहज मुळा टाकला होता आणि तो मस्त वाढला. कोबी-मुळा-मोहरीच्या घराण्याला क्लोपायरॅलिड फारसं बाधत नाही, त्यामुळे 'अहो पण मुळा तर चांगला आलाय' हे कंपनीचं म्हणणं माझ्या दृष्टीने उलट पुरावाच ठरतं.

दुसऱ्या खेपेला बॅच नंबर वेगळा होता म्हणून परत घेतलं. आणि खरंच, पानं वळणं बंद! पण यावेळी रोपं दोन-चार पानांवर अडून बसली, खालून पिवळी. बॅग चाळली तर भुशाचे, काड्यांचे तुकडे अर्धवट कच्चे. असा न कुजलेला लाकूडफाटा आत असला की त्याला कुजवणारे जिवाणू मिश्रणातला नायट्रोजन आधी स्वतः खातात आणि झाड उपाशी राहतं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण, म्हणजे एक भाग नायट्रोजनमागे किती भाग कार्बन, 20 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेलं की ही ओढाताण सुरू होते. हा प्रकार मात्र दुरुस्त होतो, पातळ नायट्रोजनयुक्त खत पाण्यातून थोडं थोडं दिलं आणि रोपं सावरली, फक्त सीझन उशिरा गेला आणि काकडीचं उत्पन्न निम्म्यावर आलं. शिवाय त्या बॅगांतून छोटी काळी चिलटं निघाली ती वेगळीच, त्यांच्या अळ्या कोवळ्या मुळ्या खातात. पिवळे चिकट सापळे लावले आणि वरचा थर दोन पाण्यांच्या मधे कोरडा होऊ दिला की कमी होतात.

म्हणजे नाव तेच, बॅग तीच, चित्र तेच आणि आतला माल दर खेपेला वेगळा. कारण उघड आहे, कचऱ्यात कधी गवत जास्त, कधी फांद्या जास्त, शेण कुठल्या गोठ्यातून आलं ते कुणी विचारत नाही. मिश्रण करणारे लोक पीएच आणि क्षार बहुधा बघत असतील, पण तणनाशकाची टेस्ट महाग असते आणि प्रत्येक बॅचची कोण करणार.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायला पाहिजे. महिना-दीड महिन्यानंतर झाड फिकं पडलं तर तो बॅगेचा दोष नाही. तयार मिश्रणात घातलेलं खत साधारण चार ते सहा आठवडेच पुरतं, पुढे आपल्यालाच द्यावं लागतं, आणि टोमॅटो तर खादाड. अशा तक्रारी खूप दिसतात आणि त्यामुळे खऱ्या तक्रारींकडेही कंपन्या त्याच नजरेने बघतात.

आता मी नवीन बॅच आली की आधी घेवडा लावून बघते. संशयित मिश्रणाच्या तीन-चार कुंड्या, आणि तेवढ्याच कुंड्या ज्याची खात्री आहे अशा मिश्रणाच्या, प्रत्येकीखाली वेगळी बशी (नाहीतर एकाचं पाणी दुसऱ्यात जातं आणि टेस्टचा बट्ट्याबोळ), आणि खरी पानं (बियातून आधी येणाऱ्या दोन दलांनंतरची) तीन येईपर्यंत वाट. पानं वळली तर ती बॅच भाजीला नाही. कडा जळल्या तर क्षार जास्त, कोकोपीट नीट धुतलेलं नसतं तेव्हा असं होतं, ते भरपूर पाणी ओतून निचरा केला की बऱ्यापैकी सुधारतं. तणनाशक असं धुऊन जाईल यावर मात्र भरवसा ठेवू नका. तीन-चार आठवडे जातात, हो, कंटाळा येतो, पण ज्याला अख्खं ग्रीनहाऊस भरायचंय त्याने हे करावंच. रिकाम्या बॅगेवरचा बॅच नंबर कापून ठेवा आणि मूठभर माल कोरड्या डब्यात राखून ठेवा, पैसे मागायची वेळ आली की हेच विचारतात.

वळलेल्या पानांची झाडं आणि ते मिश्रण कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, पुढच्या वर्षी तेच परत भाजीत येईल. मी ते लॉनवर पातळ पसरलं, गवताला काही होत नाही आणि उघड्या मातीत जिवाणू ते हळूहळू मोडतात. तिथलं कापलेलं गवतही सध्या ढिगात टाकत नाही, जागीच पडू देते. पहिल्या बॅचचे पैसे दोन्हीकडच्या झाडांचे शेजारी-शेजारी फोटो पाठवल्यावर परत मिळाले, दुसरीचे नाही, 'खत कमी पडलं असेल' म्हणाले.