संघ कुणाचा आहे? रॉचेस्टर, वूस्टर की कोलंबस

माझ्या भाच्याला यंदा तीन ठिकाणांहून नोकरीची बोलावणी आली आहेत: न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर आणि ओहायोतलं कोलंबस. पगार, घरभाडं, शाळा हे सगळं त्यानं आणि भाचेसुनेनं कागदावर मांडून झालंय. मला फोनवर त्यानं वेगळंच विचारलं. "मामा, पोराला बेसबॉलचं वेड लागलंय. कुठं गेलो तर सीझन तिकीट काढावं?" तिन्ही शहरांत ट्रिपल-ए दर्जाचा, म्हणजे मेजर लीग या अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीच्या बरोबर एक पायरी खालचा संघ आहे. तिन्ही संघ एकाच इंटरनॅशनल लीगमध्ये खेळतात. फोनवर हे बोलणं आटपेना, म्हणून नीट लिहून काढतोय. अमेरिकेत नव्यानं बस्तान बसवणाऱ्या इतर मराठी घरांनाही ते उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण मीही पहिली काही वर्षं त्यातच होतो. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवर, संघाचा मालक खेळाडू निवडत नाही. खेळाडू, मॅनेजर, कोच हे सगळे वरच्या मेजर लीग क्लबचे नोकर असतात आणि त्यांचा पगारही वरूनच येतो. २०२३ साली या खेळाडूंच्या संघटनेचा पहिला करार झाला आणि ट्रिपल-एमधला किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेला. तो बोजाही वरच्या क्लबनंच उचलला. स्थानिक मालकाकडे मैदान, तिकिटं, जाहिराती, खाण्याचे स्टॉल आणि शनिवारचे फटाके एवढं राहतं. संघाचा 'जनरल मॅनेजर' म्हणजे हा धंदा चालवणारा माणूस. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बसायच्या जागेत, गणवेश घालून उभा असतो तो 'मॅनेजर' वेगळा.

मॅनेजरवर रागावण्याआधी त्याची अडचण समजून घ्यायला हवी. सामना जिंकणं हे त्याचं पहिलं काम नाहीच. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कितीही छान टाकत असला तरी वरून ठरवून दिलेले चेंडू संपले की त्याला काढावं लागतं. संघातला सगळ्यात चांगला फलंदाज ऑगस्टमध्ये वर बोलावला जातो आणि मॅनेजरला त्या मुलाला ऑफिसात बोलावून ती बातमी द्यायची असते. दुसऱ्या एखाद्याला त्याच खुर्चीत बसवून, तुला सोडतोय, असंही सांगायचं असतं. चांगला मॅनेजर या दोन्ही गोष्टी माणुसकीनं करतो. पण दोन-तीन वर्षांत तोही बदलून जातो. त्यामुळे मॅनेजर पाहून सीझन तिकीट काढू नका. मालक पाहून काढा, कारण संघ त्या गावात टिकणार की नाही हे मालकावर अवलंबून आहे.

या तिन्ही शहरांना जोडणारी एक रात्र आहे. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या दिवशीची. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात, मॅकॉय स्टेडियमवर पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर सामना सुरू झाला आणि संपेचना. नेहमीच्या नऊ इनिंगनंतर बरोबरी, २१ नंतरही बरोबरी. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेपुढे नवी इनिंग सुरू करू नये, हा नियम पंचांकडच्या प्रतीत छापायचाच राहून गेला होता. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी आणि बाकांची लाकडं जाळून हात शेकले. पॉटकेटचे मॅनेजर ज्यो मॉर्गन यांना २२व्या इनिंगमध्ये पंचांनी बाहेर काढलं, तेव्हा ते मागच्या भिंतीच्या भोकातून सामना बघत राहिले. शेवटी लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर फोनवर सापडले आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंगनंतर खेळ थांबला. तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. पॉटकेटचे मालक बेन मॉन्डॉर यांनी त्यांना पुढच्या सामन्यांचे पास देऊ केले. २३ जूनला उरलेला सामना अवघ्या १८ मिनिटांत संपला आणि पॉटकेट ३-२ असं जिंकलं. वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन ज्युनियर हे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेलेले दोघेही त्या रात्री मैदानात होते.

रॉचेस्टर आजही तिथंच खेळतं. पॉटकेटला आता संघ नाही, तो वूस्टरला गेला. आणि फोनवर सापडलेले कूपर हे कोलंबसचे. मैदानात दोन्ही संघ तोडीस तोड होते, मग चाळीस वर्षांत एक राहिला आणि एक गेला, असं का झालं? त्याचं उत्तर मालकीत आहे.

रॉचेस्टरपासून सुरू करतो, कारण मला ते सगळ्यात जवळचं वाटतं. १९५६-५७ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनी हा संघ सोडायचं ठरवलं. संघ गावाबाहेर जाईल अशी धास्ती होती. मॉरी सिल्व्हर नावाच्या स्थानिक व्यापाऱ्यानं १० डॉलरला एक असे शेअर विकायला काढले. ८,२२२ लोकांनी ते घेतले आणि संघ गावाचा झाला. मराठी माणसाला इथं सहकारी पतपेढीच्या पहिल्या सभासदांची आठवण येईल, आणि ती आली तर चूक नाही. जुन्या मैदानाला १९६८ मध्ये सिल्व्हर यांचं नाव दिलं गेलं. पुढे त्यांची मुलगी नेओमी सिल्व्हर या कंपनीच्या प्रमुख झाल्या. वरचा क्लब बदलत गेला: १९६१ ते २००२ बाल्टिमोर, नंतर २०२० पर्यंत मिनेसोटा, आता वॉशिंग्टन. रॉचेस्टरचा संघ, रेड विंग्ज, मात्र रेड विंग्जच राहिला.

मॅनेजर गावाचा होऊ शकतो का, याचं उत्तरही मला इथंच सापडलं. ज्यो अल्टोबेली रॉचेस्टरकडून खेळले, १९७१ ते १९७६ त्यांनी संघ सांभाळला, मग वर जाऊन १९८३ मध्ये बाल्टिमोरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकून दिली. त्यानंतर ते परत आले. रॉचेस्टरचे जनरल मॅनेजर झाले, पुढे कित्येक वर्षं रेडिओवर सामन्यांचं वर्णन करत राहिले. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं तेही रॉचेस्टरमध्येच. त्यांचा २६ नंबर संघानं कायमचा राखून ठेवलाय आणि मैदानात त्यांचा पुतळा आहे. वरच्या क्लबनं धाडलेला मॅनेजर असा रुजतो, कारण परत येण्यासाठी त्याची जागा तिथं शिल्लक असते.

रॉचेस्टरचा तोटाही सांगतो. हजारो भागधारकांची कंपनी मोठा खर्च पटकन करू शकत नाही. मैदान काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या, मालकीचं आहे, त्यामुळे सुधारणा सरकारी पैशाच्या गतीनं होतात. चकाकणारं नवं काही हवं असेल तर निराश व्हाल. एप्रिलमधली थंडी वेगळीच. खाण्याबद्दल एक सूचना: गावाचा प्रसिद्ध 'गार्बेज प्लेट' हा पदार्थ म्हणजे बटाटे, मॅकरोनी सॅलड आणि वर मांसाचा रस्सा. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या.

आता वूस्टर, म्हणजे मूळचं पॉटकेट. १९७७ मध्ये हा संघ दिवाळखोरीत होता. कॅनडात जन्मलेले, गिरणी व्यवसायातले बेन मॉन्डॉर यांनी तो घेतला, मैदान झाडून-पुसून लख्ख केलं, तिकिटं स्वस्त ठेवली, पार्किंग फुकट ठेवलं. पहिल्या वर्षी जेमतेम ७०,००० लोक आले, २००५ मध्ये ६,८८,०००हून जास्त. मॅकॉयमध्ये डगआउट प्रेक्षकांच्या पायांखाली होते. खेळाडू दिसत नसत. म्हणून मुलं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची, दोरीनं खाली सोडायची आणि सही झाली की वर ओढून घ्यायची. विहिरीत पोहरा सोडावा तसं. मालकानं ते कधी बंद केलं नाही, आणि एवढ्यावरूनही माणूस कळतो.

पण एका चांगल्या माणसावर उभं राहिलेलं घर त्या माणसाबरोबरच डळमळतं. मॉन्डॉर २०१० मध्ये गेले. २०१५ मध्ये संघ लॅरी लुचिनो यांच्या गटाकडे गेला. नव्या मैदानाच्या पैशावरून राज्य सरकारशी वाटाघाटी फिसकटत गेल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वूस्टरला जाण्याची घोषणा झाली. २०२० चा निरोपाचा हंगाम कोरोनानं गिळला. त्या उन्हाळ्यात मैदानावर टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं गेलं. मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबं मैदानाच्या लांबच्या भागातल्या गवतावर बसून जेवली. पॉटकेटला निरोप मिळाला तो एवढाच. मला ही गोष्ट आजही लागते.

वूस्टरचा दोष काढू नये. शहरानं सार्वजनिक पैसा घालून पोलार पार्क हे मैदान बांधलं, २०२१ मध्ये ते उघडलं आणि गावानं संघाला मनापासून जवळ केलं. वूस्टरचा वरचा क्लब बोस्टन रेड सॉक्स तासाभरावर, त्यामुळे आज वूस्टरला पाहिलेला मुलगा पुढच्या महिन्यात त्यांच्या फेनवे पार्क मैदानावर दिसतो. तुमच्या पोराला हेच हवं असेल तर वूस्टरला तोड नाही. शेजारच्या श्रूझबरीत भारतीय कुटुंबं भरपूर, सोबतीला वानवा नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये संघाचा मोठा हिस्सा डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या कंपनीनं घेतला. तिच्यामागे सिल्व्हर लेक ही गुंतवणूक कंपनी आहे आणि तिच्याकडे चाळीसहून अधिक मायनर लीग संघ आहेत.

ही कंपनी एवढी वाढली कशी? २०२१ मध्ये मेजर लीगनं मायनर लीगचा कारभार स्वतःकडे घेतला, १६० संलग्न संघांचे १२० केले आणि मैदानांसाठी कडक निकष लावले: दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सोय. निकष योग्यच, पण छोट्या मालकाला तो खर्च झेपेना. पैसा असलेला ग्राहक दारात उभा होता. आयोवा कब्ज या ट्रिपल-ए संघाचे मायकेल गार्टनर आणि त्यांचे भागीदार यांनी संघ विकला तेव्हा २३ पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना नोकरीच्या दर वर्षामागे २,००० डॉलर, एकूण ६ लाख डॉलर वाटले. जाता जाता असं वागणारे मालक विरळा.

कंपनी सहसा स्थानिक माणसं तशीच ठेवते, हे खरं. पण मिसिसिपीतल्या पर्ल गावचं उदाहरण विसरू नका. तिथला डबल-ए, म्हणजे ट्रिपल-एच्या एक पायरी खालचा, संघ याच कंपनीकडे होता. २०२४ चा हंगाम संपला आणि संघ जॉर्जियातल्या कोलंबसला गेला. नाव सारखं असलं तरी भाच्याचं कोलंबस ते नव्हे. तिथलं नवंकोरं केलेलं मैदान कंपनीला फायद्याचं वाटलं असेल, आणि हिशेबात ते बसतही असेल. पर्लमधल्या मुलाला तो हिशेब कोण समजावणार?

ओहायोतल्या कोलंबसबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण तिथं धाकधूक नाही. क्लिपर्स हा संघ फ्रँकलिन काउंटीचा आहे, १९७७ पासून. तो आणण्यात हॅरल्ड कूपर यांचाच हात होता. ते तेव्हा काउंटी कमिशनर होते, पुढे लीगचे अध्यक्ष झाले आणि त्या पहाटे फोनवर सापडले. वरचे क्लब बदलले: पिट्सबर्ग, मग १९७९ पासून २००६ पर्यंत न्यूयॉर्क यांकीज, वॉशिंग्टन, आणि २००९ पासून क्लीव्हलँड. त्याच वर्षी शहराच्या मध्यभागी हंटिंग्टन पार्क उघडलं. १० सेंटला हॉट डॉग मिळतो त्या दिवशी सगळं शहर तिथं लोटतं. याच राज्यातलं टोलीडोही असंच, लुकास काउंटीच्या मालकीचं. सरकारी मालकीत थोडा सुस्तपणा येतो, नवी कल्पना समित्यांत अडकते. पण काउंटी आपला संघ घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार नाही.

एकट्या मालकाचा मार्ग नेहमीच फसतो असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम १९९१ पासून कॅपिटल ब्रॉडकास्टिंग या तिथल्याच कंपनीकडे आहे. मालक आधी संघ बाहेर हलवायच्या विचारात होते, मग डरहॅममध्येच थांबले, १९९५ मध्ये नवं मैदान झालं आणि शेजारच्या जुन्या तंबाखू कारखान्याच्या इमारतीही त्यांनी पुन्हा जिवंत केल्या. ज्या मालकाचा बाकीचा धंदाही त्याच गावात आहे, त्याचा पाय तिथून सहज निघत नाही. म्हणून कुठल्याही नव्या गावी गेलात तर तीन गोष्टी स्थानिक पेपरात शोधा: मालक राहतो कुठं, मैदानाचं लीज किती साली संपतं, आणि मैदान दुरुस्तीचा खर्च कुणी उचलायचं कबूल केलंय.

तर भाच्या, दोन-तीन वर्षांत पुन्हा नोकरी बदलायचा विचार असेल तर वूस्टर घे आणि एकेका सामन्याची तिकिटं काढ. पोराला रेड सॉक्सचे उद्याचे खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतील. घर घेऊन राहायचं असेल तर कोलंबस किंवा रॉचेस्टर, आणि दोन्हींत पगार सारखाच असेल तर माझं मत रॉचेस्टरला. पूर्ण सीझन मात्र घेऊ नकोस. घरच्या मैदानावर साधारण ७५ सामने असतात, मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा, सोमवारी सुट्टी. अर्धा सीझन घे, मे महिन्यापासूनचे शनिवार-रविवार जास्त असलेला, तिसऱ्या बेसच्या बाजूनं. संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं का ते आधी एकदा जाऊन बघ. एप्रिलमध्ये गेलातच तर पोराला कानटोपी घालायला विसरू नका.