पॅरिसहून एक दिवस: रँस की रुआं?

पॅरिसच्या मुक्कामात एक दिवस मोकळा असेल आणि रेल्वेने जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल, तर दोन मध्यम आकाराची शहरं हमखास समोर येतात: पूर्वेकडचं रँस (इंग्रजीत 'रीम्स') आणि वायव्येकडचं रुआं. दोन्हीकडे भव्य गॉथिक (मध्ययुगीन, टोकदार कमानींच्या शैलीतलं) कॅथेड्रल आहे आणि जोन ऑफ आर्कचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या शेतकरी मुलीचा, इतिहासही. जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडायची आवड असेल तर रुआं निवडा. जमिनीखालची तळघरं, राज्याभिषेक आणि महायुद्धं यांत रस असेल तर रँस. एका दिवसात दोन्ही करायच्या फंदात पडू नका. गाड्या पॅरिसच्या वेगवेगळ्या स्थानकांतून सुटतात आणि दोन्ही शहरं अर्धवट राहतात.

गाडी

रँसची टीजीव्ही (द्रुतगती गाडी) पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकाहून सुटते आणि पाऊण तासात पोचवते. २००७ साली पूर्वेचा द्रुतगती मार्ग सुरू झाला, तेव्हापासूनची ही सोय. तिकीट काढताना एक घोळ नेहमी होतो. रँसला दोन स्थानकं आहेत: शहरातलं 'रँस सेंटर' आणि दक्षिणेला बेझान गावाजवळचं 'शॅम्पेन-आर्देन टीजीव्ही'. दुसऱ्या स्थानकावर उतरलात तर ट्रामने किंवा छोट्या प्रादेशिक गाडीने शहरात यावं लागतं आणि अर्धा तास हकनाक जातो. टीजीव्हीचं भाडं मागणीप्रमाणे चढतं, म्हणून तिकीट आधीच काढलेलं बरं.

रुआंची गाडी पॅरिसच्याच सां-लाझार स्थानकाहून निघते आणि साधारण सव्वा ते दीड तास घेते. 'रुआं रिव्ह-द्रुआत'ला उतरायचं. स्थानकापासून र्‍यू जान-दार्क हा सरळ रस्ता उताराने सेन नदीच्या दिशेने जातो, त्यामुळे जाताना सोपं आणि परतताना चढ. गुडघे दुखत असतील तर हे लक्षात ठेवा.

जमीन

दोन्ही शहरं खडूच्या मऊ, पांढऱ्या दगडावर वसली आहेत, पण त्या दगडाचा उपयोग वेगळा झाला. रँसची व्हेल नदी अगदी लहान, आजूबाजूला सपाट शेती. दक्षिणेला 'माँतान्य द रँस' म्हणजे रँसचा डोंगर आहे खरा, पण उंची जेमतेम २८५ मीटर. सह्याद्री पाहिलेला माणूस त्याला टेकाडच म्हणेल. त्याच्या उतारावर द्राक्षमळे आहेत, आणि शहराखाली दगड काढून झालेल्या जुन्या खाणी.

रुआं सेनच्या मोठ्या वळणावर, टेकड्यांच्या कुशीत आहे. समुद्र नदीच्या वाटेने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर, तरी भरती-ओहोटी इथे जाणवते आणि समुद्री जहाजं इथवर येतात. फ्रान्सचा बराचसा गहू याच बंदरातून बाहेर जातो. शहराचा आकार एका नजरेत समजून घ्यायचा असेल तर आग्नेयेकडच्या सेंट-कॅथरीन टेकडीवर जा. पायऱ्या पाचशेहून जास्त आहेत.

या भूगोलाचा परिणाम हवामानावरही दिसतो. रुआंला वर्षाकाठी ८५० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, रँसला सुमारे ६२०. आकडा आपल्याला किरकोळ वाटेल, पण तो बारीक बुरबुरीच्या रूपाने वर्षभर वाटलेला असतो. रुआंला छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट कामाचं.

इतिहास: एकीचा विजय, तिचाच मृत्यू

रँस हे गॉलमधल्या (प्राचीन फ्रान्समधल्या) रेमी नावाच्या जमातीचं ठाणं. रोमन काळात ते बेल्जिक गॉल प्रांताची राजधानी झालं. तिसऱ्या शतकातली, सुमारे ३२ मीटर लांबीची रोमन कमान 'पोर्त द मार्स' स्थानकापासून काही मिनिटांवर उभी आहे. फ्रँक राजा क्लोव्हिसचा बाप्तिस्मा बिशप रेमीने इथे केला, आणि त्या पुण्याईवर पुढे फ्रान्सचे राजे अभिषेकासाठी इथे येत राहिले. शेवटचा आला दहावा चार्ल्स, १८२५ मध्ये. सातव्या चार्ल्सला १७ जुलै १४२९ रोजी इथवर आणलं ते जोनने.

दोन वर्षांनी, ३० मे १४३१ रोजी, तिला रुआंच्या जुन्या बाजारचौकात जाळलं. शहर तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं (१४१९ ते १४४९). त्याआधी ९११ च्या तहानंतर व्हायकिंग सरदार रोलोने नॉर्मंडीची सत्ता इथून उभारली, आणि १२०४ मध्ये ती फ्रेंच राजाकडे गेली. जोनच्या जागी आज १९७९ साली पूर्ण झालेलं आधुनिक चर्च आहे. बाहेरून ते अनेकांना खटकतं, पण आत जाच. सेंट-व्हिन्सेंट हे जुनं चर्च १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालं. त्याच्या सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा आधीच काढून ठेवल्यामुळे वाचल्या, आणि त्या इथे बसवल्या आहेत.

आज शहर असं का दिसतं

निवड इथेच ठरते. पहिल्या महायुद्धात रँस जवळजवळ चारही वर्षं आघाडीच्या तोंडावर होतं आणि बहुतेक घरं पडली. म्हणून कॅथेड्रलभोवतीचं शहर मुख्यतः १९२० च्या दशकातलं, आर्ट डेको (भौमितिक सजावटीच्या) वळणाचं आहे. ते वाईट नाही. कार्नेगी ग्रंथालय आणि काँक्रीटच्या पातळ कमानीखालचा बुलँग्रँ बाजार मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. पण मध्ययुगीन गल्ल्यांच्या अपेक्षेने आलात तर हिरमोड होईल.

रुआंचं नुकसान दुसऱ्या महायुद्धात झालं: जून १९४० ची आग आणि १९४४ चे बाँबहल्ले. त्यात कॅथेड्रल आणि नदी यांमधला भाग गेला, उत्तरेकडचा बराचसा वाचला. म्हणून कॅथेड्रलपासून नदीकडे जाण्यात फारसं हशील नाही. पूर्वेला सां-माक्लू चर्चकडे आणि उत्तरेला वळा. लाकडी चौकटीत भिंती भरलेली तिरपी घरं तिथे आहेत. १३४८ च्या प्लेगमधल्या मृतांसाठीचं 'एत्र सां-माक्लू' हे दफनस्थळ, लाकडावर कोरलेल्या कवट्या-हाडांसह, मोफत बघता येतं.

कॅथेड्रल

शिल्पासाठी रँस सरस. १२११ मध्ये सुरू झालेली ही इमारत एकसंध आहे, आणि दर्शनी बाजूचा हसरा देवदूत प्रसिद्धच. सप्टेंबर १९१४ च्या तोफमाऱ्यात परांचीने पेट घेतला आणि छताचं शिसं वितळून वाहिलं. नंतर छताचा सांगाडा लाकडाऐवजी काँक्रीटचा केला. वेदीमागच्या, चित्रकार शागालच्या निळ्या काचा (१९७४) सकाळच्या उन्हात पाहाव्यात.

रुआंचं कॅथेड्रल वेगवेगळ्या शतकांची सरमिसळ आहे. त्याचा बिडाचा टोकदार मनोरा १५१ मीटरचा. १८७६ ते १८८० ही चार वर्षं जगातली सर्वांत उंच वास्तू हीच होती. जुलै २०२४ मध्ये दुरुस्ती चालू असताना त्याला आग लागली होती, म्हणून परांची कितपत आहे ते निघण्याआधी ताज्या फोटोंत बघून घ्या. चित्रकार मोनेने ज्या दर्शनी बाजूची मालिका रंगवली ती हीच, आणि त्यातलं एक चित्र शहराच्या ललितकला संग्रहालयात आहे. तिथला कायमचा संग्रह मोफत, मात्र मंगळवारी बंद.

रँसची तळघरं

शॅम्पेन ही फेसाळ वाइन बनवणारी मोठी घराणी सां-निकेझ टेकडीच्या परिसरात आहेत, कॅथेड्रलपासून वीस-पंचवीस मिनिटं चालत. खडूच्या जुन्या खाणी हीच त्यांची तळघरं. खाणींचं तोंड अरुंद आणि तळ रुंद, खोली तीस मीटरपर्यंत. आत बाराही महिने १० ते १२ अंश तापमान, त्यामुळे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. पॉमरी या घराण्याकडे उतरायला ११६ पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या. वेळ आगाऊ आरक्षित करा. आयत्या वेळी गेल्यास इंग्रजी फेरी मिळेलच असं नाही. वाइन न पिणाऱ्यांनाही खाणी पाहण्याजोग्या वाटतात, पण तिकिटाच्या किमतीचा मोठा हिस्सा चवीच्या पेल्याचा असतो. नाशिकजवळ दिंडोरीची शांदोन वाइनरी पाहिलेल्यांना बाटलीतला दुसरा आंबवण्याचा टप्पा ओळखीचा वाटेल. शॅम्पेन हे नाव मात्र याच प्रदेशाच्या मालकीचं.

वार, जेवण, जोडफेरी

मंगळवार दोन्हीकडे टाळा. रँसचं शरणागती संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. ७ मे १९४५ च्या पहाटे जर्मनीने जिथे सही केली तो नकाशांनी भरलेला कक्ष तिथे आहे. रुआंचं एका काट्याचं जुनं घड्याळ, ग्रो-ऑर्लोज, आतून बघायचं असेल तर सोमवारही नको. बुलँग्रँ बाजार बुधवार, शुक्रवार, शनिवारी भरतो.

जेवण बारा ते दोनमध्ये उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारींनी क्रेपरी (पातळ धिरड्यांचं उपाहारगृह) गाठावी आणि कुट्टूच्या पिठाची गालेट, म्हणजे खारं धिरडं, अंडं, हॅम वगळून मागावी. रँसच्या गुलाबी बिस्किटांत अंडी असतात आणि रंग पारंपरिकरीत्या कोशिनील किड्यापासून काढलेल्या कार्मिनचा. वेष्टन वाचा.

रँसला जोडून एपर्ने हे शॅम्पेनचंच दुसरं गाव गाठता येतं, प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासात. रुआंच्याच मार्गावर व्हेर्नों लागतं. तिथून बसने जिव्हर्नीची मोनेची बाग सकाळी आणि रुआं दुपारी असा बेत जमतो, पण फक्त १ एप्रिल ते १ नोव्हेंबर. एरवी बाग बंद असते.