म्हणींची दिनदर्शिका: घ्यावी अशीच, पण कोकणी म्हणी कुठे आहेत?

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुस्तकं मांडून बसलेल्या एकाकडे ही भिंतीवरची दिनदर्शिका मिळाली. किंमत २५० रुपये. दर महिन्याच्या पानावर हवापाण्याच्या आणि शेतीच्या म्हणी आहेत: मराठी, पोर्तुगीज, स्पॅनिश, इंग्रजी, जपानी. देशोदेशींच्या म्हणी म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा नुसते सुविचार असतात. इथं म्हण ज्या दिवसाची, त्याच दिवसाच्या चौकोनात छापलेली आहे. माझं मन जिंकलं ते या मांडणीनं.

जूनचंच पान बघा. ७-८ जूनला मृग लागतो. आमच्या डिचोलीत तेव्हा सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे आणि तरव्याकडे, म्हणजे भाताच्या रोपांकडे. त्याच्या लगेच पुढं, ९ जूनला, स्पेनची म्हण आहे: मे महिन्याची चाळीस तारीख उलटल्याशिवाय अंगरखा उतरवू नकोस. मे एकतीस दिवसांचा, म्हणून चाळिसावा दिवस ९ जून. तिकडच्या शेतकऱ्याला थंडी परत येईल याची तोवर धास्ती, आणि त्याच आठवड्यात आमची माणसं माळ्यावरची कांबळी खाली काढतात. हे दोन चौकोन शेजारी शेजारी वाचताना मला फार आनंद झाला. कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जुलैही तसाच भरलेला. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि दोन्हींच्या मध्ये १५ जुलैला इंग्रजांचा सेंट स्विदिन. हा नवव्या शतकातला विंचेस्टरचा बिशप. त्याच्या दिवशी पाऊस पडला तर पुढं चाळीस दिवस पडत राहतो, अशी तिकडची समजूत. गोव्यात १५ जुलैला कोरडं आभाळ बघायला मिळणं कठीण, पण पावसाचे दिवस मोजायची गरज दोन्हीकडे सारखीच. सप्टेंबरात जपानची म्हण आहे: ऊन काय, थंडी काय, हिगानपर्यंतच. हिगान म्हणजे दिवस-रात्र समान होतात तो आठवडा.

एप्रिलच्या पानावर ‘एं अब्रील, आग्वश मील’ आहे, एप्रिलात हजार पाणी. शेजारच्या आंटी पोर्तुगीज काळात शिकलेल्या. त्यांनी ते वाचलं आणि पटकन म्हणाल्या, ‘‘हें आमकां इश्कोलांत शिकयिल्लें!’’ म्हणजे हे आम्हाला शाळेत शिकवलेलं. गोव्यात एप्रिल म्हणजे घामाच्या धारा, आणि मुलांनी पाठ केला तो लिस्बनचा पाऊस. हा पाऊस पोर्तुगालचा, हे दिनदर्शिकेनं खाली स्पष्ट लिहिलंय. बरं केलं.

ऑक्टोबरला मात्र गडबड आहे. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण २४ ऑक्टोबरला बरोबर बसली, पण खाली चित्र आहे भातशेताचं. स्वातीच्या पावसाचं ते कौतुक घाटावरच्या रब्बी ज्वारीचं. आमच्याकडे त्या सुमाराला भात कापणीला आलेलं किंवा खळ्यात असतं, तेव्हा पडलेला पाऊस म्हणजे नुकसान. त्याआधी चित्रा नक्षत्र, आणि त्याची म्हण आम्हाला लागू: ‘पडल्या चित्रा तर भात न खाई कुत्रा’. भिजून कोंब फुटलेलं भात ज्यानं उपसलंय त्याला तिचा अर्थ सांगायला नको. ती म्हणच गाळलीय. छापण्याआधी एखाद्या शेतकऱ्याला विचारायला हवं होतं.

आणि माझी मोठी तक्रार. गोव्यात विकायची दिनदर्शिका, आणि कोकणी म्हणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बार्देस तालुक्यातल्या आसगावचे पाद्री मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी कोकणी म्हणींचा संग्रह केला, तो १९२२ साली पोर्तुगालच्या कोइंब्रात छापून निघाला. एवढं भांडार हाताशी असताना जपानपर्यंत जाऊन यायचं आणि बार्देसला विसरायचं, हे मला पटत नाही. मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तांवर, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या जत्रांत, मिरची, कांदे, सुकी मासळी, आमसुलं भरून घरी येतात, पण त्या पानावर साठवणीची एकही म्हण नाही.

कागद जाड आहे, शाई पसरत नाही. वरची पत्र्याची पट्टी पावसाळ्यात गंजते, माझ्याकडे तिचा डाग भिंतीवर उतरला. तिथीची अक्षरं चष्मा लावूनही कष्टानं दिसतात. दूध-गॅसची नोंद करायला मात्र चौकोनात पुरेशी जागा ठेवलीय.

नक्षत्रं माहीत असलेलं वडीलधारं माणूस घरात असेल तर जरूर घ्या. मुलांना त्यांच्या शेजारी बसवून पान वाचून घ्या, चुकाही तीच माणसं दाखवतील. पुढच्या वर्षीचीही मी घेणार आहे, आणि विक्रेत्याकडे प्रकाशकासाठी चिठ्ठी दिलीय: चित्रा परत आणा, आणि निम्म्या म्हणी कोकणी करा.