घरपोच फिजिओथेरपीच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

पॅरालिसिसचा झटका आलेल्या माणसात पहिल्या काही आठवड्यांत जी सुधारणा दिसते, तिच्यातला बराचसा भाग शरीर आपलं आपणच करत असतं. मेंदूची सूज उतरते, बंद पडलेला पण न मेलेला भाग पुन्हा कामाला लागतो आणि काल न हलणारं बोट आज हलतं. घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसेल, तर त्या बोटाचं श्रेय पलंगाशेजारी जो उभा असेल त्याला मिळतं. आमच्याकडे एका एजन्सीचा माणूस उभा होता. त्याने आमच्याकडून ७२,५०० रुपये काढले.

आईची डावी बाजू गेली. मिरजेहून डिस्चार्ज मिळताना कागदावर 'फिजिओथेरपी सुरू ठेवणे' एवढीच ओळ होती. कुणाकडे, किती दिवस, त्यात नेमकं काय करायचं, काहीही नाही. ही मंडळी नेमकी या मोकळ्या जागेत शिरतात. घरी येऊन सामान लावेपर्यंत बाबांना फोन आला, "काका, काकूंची तब्येत कशी आहे आता? हॉस्पिटलमधूनच रेफरन्स आहे." हॉस्पिटलने नंतर कानांवर हात ठेवले.

पहिल्या भेटीला पांढरा कोट घातलेले 'डॉक्टर' आले. त्यांनी आईच्या डाव्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली, पाय टण्णकन उडाला. "बघा काका, नस जिवंत आहे! सव्वा महिन्यात काकू स्वतः चहा करून देतील." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मला माहीत आहे की मेंदूकडून येणारा ताबा सुटला की गुडघा असाच गरजेपेक्षा जास्त उडतो. म्हणजे जे आजाराचं लक्षण, तेच आम्हाला बरं होण्याचा पुरावा म्हणून दाखवलं. इतकं सफाईदार खोटं मी आजवर पाहिलं नव्हतं.

४० सेशनचं पॅकेज ३६,००० रुपयांचं, पण 'आज भरलं तर' ३०,०००. पावतीवर एजन्सीचा लोगो, मोबाइल नंबर आणि 'फी परत मिळणार नाही' अशी ओळ. फिजिओथेरपिस्टचं नाव किंवा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता.

कोटवाले पुन्हा दिसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एक पोरगा यायला लागला. वागायला अगदी गोड. आईला 'मावशी' म्हणायचा. बोलता बोलता त्यानेच सांगितलं की आधी तो अ‍ॅम्ब्युलन्सवर होता. त्याचं काम ठरलेलं. मशीनचे चार पॅड दंडाला नि पोटरीला चिकटवायचे, बटण चालू करायचं आणि खुर्चीत बसून मोबाइल बघायचा. मग थोडं तेल, थोडा हात वरखाली, रजिस्टरवर बाबांची सही. या सगळ्या वेळात आई आडवीच.

एक गोष्ट नीट समजून घ्या. लकव्यानंतरच्या फिजिओथेरपीत मेहनत पेशंटला करावी लागते. कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला बसून तोल सांभाळणं, खुर्चीतून उठणं-बसणं, दुबळ्या पायावर थोडा थोडा भार टाकणं, भांड्यापर्यंत हात नेणं, आणि हे पुन्हा पुन्हा. मेंदू सरावाने नवे रस्ते शोधतो, आणि ज्या कामाचा सराव असेल ते काम सुधारतं. मशीन सगळीच बोगस नसतात. टेन्स किंवा आयएफटी ही सौम्य विजेची मशीन दुखणं कमी करायला वापरतात. चालताना पाऊल लोंबत असेल तर ते उचलायला विजेचा झटका देणारं उपकरणही खरंच आहे, पण त्यासाठी पेशंटला चालवावं लागतं. झोपवून ठेवलेल्या माणसाला पॅड लावून निघून जाण्याला कुणी 'न्यूरो रिहॅब', म्हणजे मेंदूच्या आजारानंतरचं पुनर्वसन, म्हणत असेल, तर तो पडून राहण्याची फी घेतोय.

तेवढ्यात पायाची बोटं हलायला लागली. लगेच प्रस्ताव आला, "रिस्पॉन्स चांगलाय, आता 'ब्रेन-नर्व्ह मशीन' घरीच घ्या, दिवसातून तीनदा लावता येईल." १८,५०० रुपये, रोख. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. कुठलीही वस्तू उलटीपालटी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मशीनच्या पाठीवरचा एजन्सीचा स्टिकर कडेने उचलला होता, तो त्यांनी नखाने हळूच सोलला. खाली भलत्याच कंपनीचं नाव आणि साधं 'टेन्स' असं छापलेलं. भाच्याने तेच मॉडेल ऑनलाइन शोधलं, दोन हजारांच्या आत होतं. जाब विचारला तर "आमचं प्रोग्रॅमिंग वेगळं आहे काका." डबीवर दोन गोल बटणं होती. प्रोग्रॅमिंग कुठे बसवलं ते देव जाणे.

इथेच थांबायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण तोवर त्यांनी भीती घालून ठेवली होती, "मध्येच सोडलं तर नस पुन्हा झोपेल." पलंगावर स्वतःचं माणूस असताना हे वाक्य ऐकून बघा. त्या वाक्यावर २४,०००चं दुसरं पॅकेज गेलं.

पैशांपेक्षा चीड आली ती खांद्याची. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि दंडाचं हाड सांध्यातून खाली उतरतं. अशा हाताला ओढायचं नसतं, धरून उठवायचं तर मुळीच नसतं. त्या पोराने दाराच्या चौकटीला पुली टांगली. चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात डोक्यावर न्यायचा, 'हात मोकळा होतो' म्हणे. थोड्याच दिवसांत आई रात्री कण्हायला लागली. खांद्याला धक्का लागला तरी किंचाळायची. "दुखतंय म्हणजे जान येतेय मावशी," हे त्याचं उत्तर.

शेवटी ताई तिला सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं. तिथे एक बोटभर खाच होती, ती त्यांनी ताईलाही बोट लावून बघायला सांगितली. "पुली आजपासून बंद. बसताना हाताखाली उशी, आणि बगलेत हात घालून कुणीही उचलायचं नाही." मग आईला खुर्चीतून उठायला लावलं, आधार देऊन, पुन्हा पुन्हा. एवढा घाम तिला आजारपणात पहिल्यांदाच आला असेल. आता ती पायात स्प्लिंट घालून चार पायांच्या काठीने घरातल्या घरात चालते. डावा हात अजून कामाचा नाही, आणि तो कधी होईल हे मॅडम सांगत नाहीत. 'गॅरंटी' हा शब्द तिथे एकदाही ऐकला नाही.

हिशोब काढला तो ताईने. आमच्या घरी दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहायची पद्धत आहे. त्याच चौकटीत बाबा फिजिओ आला की 'फि' लिहायचे. एजन्सीच्या म्हणण्याप्रमाणे पहिली ४० सेशन्स कधीच संपली होती. कॅलेंडरवर 'फि' जेमतेम निम्मे निघाले. रजिस्टर मागितलं तर प्रत्येक ओळीवर बाबांची सही! "ऑफिसला द्यायचंय काका, सगळीकडे एकदमच करून टाका," म्हणून रिकाम्या ओळींवर महिनाअखेरीला घेतलेली. एक सही तर आईला मिरजेला तपासणीला नेलं होतं त्या दिवसाची आहे. त्या पानाचा फोटो ताईने तिथल्या तिथे काढला, हे बरं झालं. पुढच्या खेपेला रजिस्टर 'ऑडिटला' गेलं होतं.

पैसे भरण्याआधी काय बघायचं, ते सांगते. फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त काळाची असते. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२च्या कायद्याने झालेली राज्य परिषद आहे आणि फिजिओथेरपिस्टची तिच्याकडे नोंदणी असावी लागते. नंबर मागा. जो रोज हात लावणार आहे त्याचाच मागा, कोट घालून पहिल्या दिवशी येतो त्याचा नव्हे. खरा फिजिओ नंबर विचारल्यावर रागावत नाही. फी दर भेटीला द्या, फार तर आठवड्याची. आज काय केलं आणि संध्याकाळी घरच्यांनी काय करून घ्यायचं, हे वहीत लिहून मागा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथे निदान एकदा दाखवून या. मुंबईच्या आसपास असाल तर हाजी अलीला पुनर्वसनासाठीच १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आहे.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एजन्सीने मशीनचे पैसे द्यायची तयारी दाखवली, अट एकच, तक्रार मागे घ्या. घेतली नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी पडत नाही. वकिलांच्या मते दोन्ही पॅकेजचे पैसे यूपीआयने गेल्यामुळे ते सिद्ध करता येतील. मशीनचे रोखीने दिलेले १८,५०० अवघड आहेत, कारण त्यांची पावती 'उद्या आणतो' म्हणून आजवर आलेली नाही.