ओल खेचणारं मशीन: पाच महिन्यांनी

लाईट गेली की गॅरेजमधलं हे मशीन (डीह्युमिडिफायर) बंद पडतं आणि लाईट आली तरी बंदच राहतं. बटण टचचं, त्यामुळे टायमर लावूनही उपयोग नाही. देवगडकडे ज्यानं पावसाळा काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. जुलैत चार दिवस पुण्याला गेलो. परत येऊन बघतो तर स्कूटरच्या सीटवर पांढरी बुरशी आणि मशीन गाढ झोपलेलं. सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, "तशी सोयच नाही त्यात. कोल्हापूरला आणून द्या, बघतो." सोयच नाही तर हे धूड फोंडा घाट चढवून न्यायचं कशाला?

पहिला महिना तर मी निव्वळ शिव्या घातल्या. अडीच लिटरची टाकी सहा तासांत भरायची, तरी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली येईना. शेजारचे तात्या बघून म्हणाले, "दर्याच्या काठार बसान हवा सुकवतंस?" खरंच होतं ते. शटरखाली चार बोटं फट, पत्र्याखालून चिमण्यांची ये-जा. शटरला रबरी पट्टी लावली, वर फोम मारला; आठवड्यात आकडा ६२. म्हणून अर्ध्या शिव्या मागे घेतो. उरलेल्या त्या बटणासाठी.

व्हिडिओ बघून भिंतींना आतून प्लास्टिकही ठोकलं होतं. ती युक्ती थंड देशांची, तिथं ओल उबदार घरातून बाहेर जाते. आपल्याकडे ती बाहेरून येते, शिवाय भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, जमिनीतलं पाणी वर ओढतो. प्लास्टिकमागे काळी बुरशी धरली. फाडून टाकलं, चुना मारला. वॉटरप्रूफ रंगाचे पोपडे आधीच पडले होते, ते पैसे गेलेच.

बिलाची भीती होती. २८० वॅट, दहा तास, म्हणजे रोज २.८ युनिट. पान्ह्यांचा सेट एकदा गंजला की त्याहून महाग पडतो. साठलेलं पाणी तात्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाल म्हणतात. बॅटरी माझी आहे, त्यांची नाही. कुंड्यांना जातं.

दिवाळीनंतर मशीन बंद केलं, तर पहाटे पत्र्यातून गाडीवर टिपटिप. पाऊस नाही, काही नाही. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही गार पडतो आणि आतली वाफ त्याला धरते. पत्र्याखाली उष्णता अडवणारं बबल शीट मारायचं तर चौरस फुटाचा भाव ऐकून घरी आलो. तूर्तास गाडीवर जुनी ताडपत्री.