कुत्रीसाठी घेतलेलं ‘डू नॉट पेट’वालं जॅकेट: आठ महिने वापरलं, आता वेल्क्रोवर चिडून लिहितेय

वेल्क्रो गेलं. आठव्या महिन्यात. जॅकेट ठणठणीत आहे, बकल ठणठणीत, पाठीवरचा हँडल तर माझ्यानंतरही राहील, पण ज्या पट्टीसाठी ८४९ रुपये मोजले ती ‘डू नॉट पेट’ (म्हणजे कुरवाळू नका) लिहिलेली पट्टी मागच्या आठवड्यात इथे नागपुरात अंबाझरीच्या रस्त्यावर गळून पडली. मागून येणाऱ्या एका स्कूटरवाल्या दादाने ती उचलून आणून दिली, आणि देता देता दुसऱ्या हाताने माझ्या कुत्रीचं डोकं कुरवाळलं. पट्टी हातात धरून!

कस्टमर केअरशी तीन दिवस डोकं लावलं. शेवटी उत्तर आलं की मॅडम, वेल्क्रो हा कन्झ्युमेबल पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही. म्हणजे चप्पल विकायची आणि अंगठा तुटला की म्हणायचं अंगठा वॉरंटीत नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

साइज, रंग, रिफ्लेक्टर ते सगळं विकणाऱ्याने दिलंच आहे, परत लिहीत नाही. एवढंच सांगते की वजनावरून साइज घेऊ नका, टेपने छाती मोजा. आमची तर्री १७ किलोची, पण गावठी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते, वजनाच्या तक्त्यावरून घेतलेलं पहिलं जॅकेट परत करावं लागलं होतं.

तर्री हे नाव रंगावरून. पोह्यावरच्या तर्रीसारखी लालसर आहे, बाकी स्वभाव अजिबात तिखट नाही. फक्त वरून डोक्यावर येणारा हात तिला चालत नाही. आधी कोणी काय केलं असेल ते तिलाच माहीत. हात आला की ती जीभ ओठांवर फिरवते, तोंड वळवते, जांभई देते, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, शेपूट पोटाखाली जाते. हे सगळं ‘नको’च असतं, पण लोकांना वाटतं लाजतेय बिचारी. मग ती आखडते, मग गुरगुरते. गुरगुरली म्हणून तिला रागावू नका एवढं तरी मी आता शिकले, कारण गुरगुरणं बंद पाडलं की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता थेट दात लावतं.

जॅकेट घेतलं ते तान्ह्या पोळ्यानंतर. त्या दिवशी पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरत होते आणि मी शहाणी तिला घेऊन गेटवर उभी. आठ-दहा जणांचा घोळका एकदम आला, एकाने मागून गळ्यात हात टाकला आणि तर्रीचा दात त्याच्या मनगटाला लागला. खरचटलंच होतं, पण खरचटलेलंसुद्धा गंभीरच धरायचं असतं. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुतलं, मग त्याच्या बाबांसोबत सरकारी दवाखाना, मग ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशीची इंजेक्शनं. तर्रीचं रेबीजचं लसीकरण झालेलं होतं तरी. इंजेक्शनं फुकट मिळतात, पण त्या चारही फेऱ्यांचा ऑटो मी दिला, आणि त्याच्या आईच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला दिवाळीपर्यंत झाली नाही.

तर पहिल्याच आठवड्यात कळलं की हे जॅकेट उलटं काम करतं. साधं गावठी कुत्रं रस्त्याने चाललं तर कोणी बघत नाही. त्याच कुत्र्याला लाल जॅकेट घाला, की सेमिनरी हिल्सवर फिरायला आलेलं अख्खं पब्लिक ‘अगंबाई, ड्रेस घातलाय’ म्हणत धावतं. वर अक्षरं दीड इंचाची. वाचायला जवळ यावं लागतं, आणि जवळ आलेला माणूस हात लावल्याशिवाय परत जात नाही.

आणि तो मजकूर! एक काका वाकून, चष्मा सावरून वाचत होते. वाचून झाल्यावर एकदम काळजीने मला म्हणाले, ‘‘बेटा, पेट को क्या हुआ इसके?’’ मला आधी कळलंच नाही. मग पेटली ट्यूब. डू नॉट पेट. त्यांना वाटलं कुत्रीचं पोट बिघडलंय. आणि मग त्यांनी, अर्थातच, तिचं पोट चोळायला हात पुढे केला.

मग मी मराठी पट्टी करून घ्यायचं ठरवलं. सीताबर्डीवर गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम लावून देणारे बसतात, त्यातल्या एकाकडे गेले. तो म्हणाला ताई, ‘मी चावते’ लिहून देतो, कोणी जवळ येणार नाही. मला पटलं होतं, पण वकील मावसभाऊ ओरडला. म्हणे उद्या खरंच चावली तर तू स्वतःच लिहून दिलंय की तुला माहीत होतं. भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग ‘मी घाबरते, हात लावू नका’ असं लिहून घेतलं, पिवळ्यावर काळं, अक्षरं तीन इंच, साठ रुपये. ८४९ च्या पट्टीपेक्षा ही साठची पट्टी दहापट बरी. आता लोक लांबूनच वाचतात. तरी एक कॉलेजचा पोट्टा वाचून म्हणालाच, ‘‘ती घाबरते म्हणते, आपण काहून घाबरायचं?’’ आणि आला पुढे.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ‘आमच्याकडे अल्सेशियन होता’वाले काका. यांना कुठलाही कुत्रा चावत नाही. यांना सगळे कुत्रे ओळखतात. पट्टी वाचून ते हसतात आणि म्हणतात, ‘‘आपल्याला नाही काही करत ते.’’ आता हे वडिलांच्या वयाचे, त्यांना तोंडावर ‘काका, हात काढा’ कसं म्हणायचं? मला तर जमायचं नाही. मी दात काढून हसत उभी राहायचे आणि तर्री माझ्या पायामागे थरथरत असायची.

इथे मात्र जॅकेटला क्रेडिट देते, आणि वर जे उलटं काम करतं म्हटलं ते थोडं मागे घेते. ती पट्टी लोकांनी वाचावी म्हणून नाहीच, मला बोट दाखवता यावं म्हणून आहे. ‘‘काका, ते लिहिलंय बघा’’ म्हटलं की उद्धट मी होत नाही, पट्टी होते. ऑफिसात ‘वरून ऑर्डर आहे’ म्हणतात ना, तसं. बोट दाखवायचं, दोघांच्या मधे पाय टाकून उभं राहायचं, तळहात पुढे करायचा. मधे उभं राहणं सगळ्यात महत्त्वाचं, ते मला पाचव्या महिन्यात सुचलं. सोबत तर्रीला ‘चल मागे’ शिकवलं, म्हटलं की ती वळून माझ्या डाव्या पायाशी येते आणि पनीरचा तुकडा मिळतो. अर्धे लोक कुत्र्याची पाठ दिसली की आपोआप हात मागे घेतात.

आणखी एक उपाय सापडला होता, तो करू नका. एकदा वैतागून एका ताईंना ‘‘खरूज आहे तिला’’ म्हटलं. काय सांगू, अशा मागे सरकल्या की पदर गटारात जाता जाता राहिला. दोन आठवडे मी सगळ्यांना खरूज सांगितली, एकदम शांतता. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला की चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याला त्वचेचा रोग आहे, लिफ्ट वापरू देऊ नये. शेवटी डॉक्टरांकडून ‘कुत्री निरोगी आहे’ लिहून आणून ग्रुपवर टाकावं लागलं. तपासणी फी ३०० रुपये.

आता वेल्क्रो. मला माहितीये मी त्यावर फार अडकलेय, पण ऐका. पावसाळा संपला की आपल्याकडे मोकळ्या प्लॉटवर, तलावाच्या काठाने सगळीकडे गोखरू. तर्री एक चक्कर मारून आली की वेल्क्रोत वीस-पंचवीस गोखरू रुतलेले, आणि ते सुईने काढताना वेल्क्रोचे आकडे तुटतात. गंमत म्हणजे हे वेल्क्रो निघालंच मुळात यातून. जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा स्विस इंजिनिअर १९४१ साली कुत्रा घेऊन डोंगरात फिरायला गेला, घरी आल्यावर कुत्र्याच्या केसांत असलीच काटेरी फळं अडकलेली, त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्या बारीक आकड्यांवरून ही आयडिया काढली. म्हणजे जी वस्तू कुत्र्याला चिकटलेल्या गोखरूवरून सुचली तीच कुत्र्याच्या जॅकेटावर लावली, तर गोखरू येणारच ना तिथे, घरचेच ते.

आणि आवाज. च्चर्रर्र! घाबरट कुत्र्यासाठी बनवलेलं जॅकेट, आणि ते काढताना कानाशी हा आवाज. पहिल्या दिवशी तर्री पलंगाखाली गेली ती रात्री जेवायलाच निघाली. मग तीन आठवडे मी स्वयंपाकघरात वेल्क्रो उघडायचे, ती हॉलमध्ये, प्रत्येक चर्रर्रला पनीर, रोज थोडं थोडं जवळ. आई म्हणाली, एवढ्या पनीरमध्ये आपली मटर पनीर झाली असती दोनदा.

उन्हाळ्याचं वेगळंच. ऊन तापायला लागलं की हे जॅकेट घालायचंच नाही. पारा ४५ कडे जातो तिथे कुत्र्याला कपडा म्हणजे शिक्षा, त्याला घाम येत नाही आपल्यासारखा, तो धापा टाकूनच गार होतो. त्याच कारणाने डॉक्टरांनी मुसकी सांगितली ती जाळीची, ज्यात तोंड उघडतं. कापडी, तोंड आवळणारी मुसकी उन्हात अजिबात नको. आम्ही पहाटे पाचला जातो, आणि मराठी पट्टीची जोडी तर्रीच्या पट्ट्यावर गुंडाळलीय. मधे पिवळी रिबनही बांधून पाहिली, बाहेरदेशी पट्ट्याला पिवळं बांधलं की लोक लांब राहतात म्हणे. आपल्याकडे एका मावशींनी विचारलं, ‘‘नवस बोलली का गं?’’

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं आणि दोनच स्टार देणार होते. काल गोकुळपेठेत चपला शिवणाऱ्या भाऊंना जॅकेट दाखवलं. त्यांनी वेल्क्रो उसवून चार टिचबटणं मारून दिली, चाळीस रुपये, पाच मिनिटं. आवाज नाही, गोखरू नाही, पट्टी हलत नाही. तर्री शांत उभी होती, भाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ती स्वतःहून त्यांचा गुडघा हुंगून आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणून साडेतीन स्टार करते. त्यातले दोन हँडलचे, पोळ्याच्या दिवशी तो असता तर मी तिला एका हाताने मागे ओढलं असतं. एक भाऊंचा. अर्धा कापडाचा. घ्यायचं असेल तर सेलमध्ये घ्या, आल्या आल्या वेल्क्रो काढून बटणं मारा, इंग्लिश पट्टी फेका.

मी काहीच फेकलं नाही. भाऊंनी उसवलेला वेल्क्रोचा खरखरीत तुकडा आईने लाटण्याला गुंडाळलाय, सोफ्यावरचे तर्रीचे केस त्याने मस्त निघतात. त्या कामाला पाच.