सक्तीने सैन्यात गेलेल्यांचे आवाज: व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट

जन्मभर लघुलेखन केलं, त्यामुळे बोलणारा कुठे अडखळतो ते माझ्या कानाला आधी कळतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा हा संग्रह मला आवडला तो त्या अडखळण्यांसाठी. २००० साली काँग्रेसच्या कायद्याने तो सुरू झाला. लाखाहून जास्त माजी सैनिकांच्या आठवणी, आणि ऐकायला पैसे पडत नाहीत.

आधी युद्ध निवडा. मग त्या माणसाच्या पानावर तो सैन्यात कसा आला ते बघा. तिथे 'ड्राफ्टेड' असेल तरच मी ऐकते. हौसेने गेलेल्यांनी आपली गोष्ट शंभरदा सांगितलेली असते; सक्तीने नेलेले चाचपडत बोलतात.

व्हिएतनामवाले तर लढाईआधी सोडतीवर येतात, कुणाला आधी सैन्यात बोलवायचं ते जन्मतारखेवरून ठरवणाऱ्या. १ डिसेंबर १९६९, ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर, शेवटची ८ जून. त्या सोडतीतल्या १९५ क्रमांकापर्यंतच्यांना बोलावणं गेलं. लढलेल्या गावाचं नाव विसरलेले म्हातारे मी ऐकले, आपला नंबर विसरलेला एकही नाही. पुढे बारा महिन्यांची नेमणूक आणि उरलेल्या दिवसांवर रोज फुली. मायदेशाला ते 'द वर्ल्ड' म्हणायचे. म्हणजे आपण जिथे आहोत ते जगात धरायचंच नाही!

मुलाखती घेणारे स्वयंसेवक. कुणाची नात, कुणी शाळकरी पोरगा. काही जण प्रश्नातच उत्तर देऊन टाकतात. किमान तीस मिनिटांची अट आहे, म्हणून मध्येच पदकं आणि तुकड्यांची नावं सुरू होतात. ते खुशाल पुढे ढकला. शेवट मात्र सोडू नका. 'आणखी काही सांगायचंय?' असं विचारल्यावर एकाने सांगितलं, की तो कंपनीचा, म्हणजे सैन्यातल्या तुकडीचा, कारकून होता. मेलेल्यांच्या घरी जाणारी पत्रं तोच टाइप करायचा, सही साहेबाची. खाडाखोड चालायची नाही. एक अक्षर चुकलं की कागद काढून पुन्हा पहिल्यापासून, त्याच नावाने. इथे तो थांबला, आणि मुलाखत घेणाऱ्या पोराने, शहाण्याने, मध्ये तोंड घातलं नाही.

ब्राउझरच्या आपोआप उमटणाऱ्या मजकुरावर विसंबू नका. माझ्याकडे 'दा नांग' हे व्हिएतनाममधल्या शहराचं नाव दर वेळी वेगळंच उमटलं. सगळंच ऑनलाइन नाही, काहींसाठी वॉशिंग्टनचा वाचनकक्ष गाठावा लागतो. त्या कारकुनाची मुलाखत पूर्ण आहे. मी तीनदा ऐकली, तिसऱ्यांदा वही न घेता.